कनेक्टरमधल्या मुंग्या

बॉनेट उघडल्याबरोबर जो वास आला तो वैजयंतीच्या ओळखीचा होता, पण त्याचं नाव तिला सापडेना. कुजका म्हणावा तर तेवढा उग्र नव्हता. आंबूस होता, खवट होता, आणि नाकातून निघून घशाशी जाऊन बसणारा होता.

"ताई, जरा मागं व्हा. ओडनीला ग्रीस लागंल," दिपेश म्हणाला.

वैजयंती अर्धं पाऊल मागे सरकली, त्याहून जास्त नाही. तिला बघायचं होतं.

सीवूड्सच्या त्या सोसायटीत दिपेश सहा वर्षं येत होता. मागच्या बाजूला, भिंतीपलीकडे करावे गाव सुरू होतं आणि तिथे घराखालच्याच गाळ्यात त्याचं गॅरेज होतं. सोसायटीतल्या चाळीसेक गाड्या त्याच्या हाताखालून जात. पण गेल्या सोमवारपासून गेटवर एक कागद चिकटवलेला होता: श्री. दिपेश यांना आवारात प्रवेश नाही, अंतिम निर्णय रविवारच्या सभेत. खाली सेक्रेटरीची लफ्फेदार सही. सेक्रेटरी म्हणजे सुधीर, वैजयंतीचा नवरा. आज गुरुवारी दिपेशला आत सोडलं होतं ते त्याने केलेलं नुकसान त्यानेच निस्तरावं म्हणून.

नुकसान असं, की पंधरा दिवसांपूर्वी वैजयंती तुर्भ्याच्या कामावरून परतत असताना पाम बीच रोडवर धावती गाडी अचानक मेली. मेली हाच शब्द बरोबर होता. काटे एकदम शून्यावर, स्टिअरिंग दगडासारखं जड, आणि मागून भोंगा वाजवत आलेला टँकर आरशापासून हातभर अंतर ठेवून निघून गेला. कशीबशी गाडी कडेला लागली.

गाडी उचलून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेली. सुधीर जाऊन आला आणि म्हणाला, "ईसीएम गेलंय. गाडीचा मेंदू असतो म्हणे तो, इंजिनाला काय करायचं ते सांगणारा. त्यात पाणी शिरलंय. दुसरं कोण असणार? दिवाळीआधी दिपेशनेच सर्व्हिसिंग केलं. मारला असेल फवारा इंजिनावर." त्याच दिवशी त्याने हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. वैजयंतीने ती उत्तरं वाचली होती. 'गाववाल्यांना एवढं आत सोडायचंच कशाला?' 'ह्यांना जमिनीचे पैसे मिळाले, अक्कल मिळाली नाही.' त्याखाली रांगेने वर केलेले अंगठे. ज्यांच्या गाड्या हा माणूस सहा वर्षं निगुतीने सांभाळत होता त्यांचेच ते अंगठे होते. तिने स्वतः ग्रुपवर काहीच लिहिलं नव्हतं. ती एरवीही कमीच बोले, आणि तेव्हा तिलाही फवाऱ्याचं खरं वाटलं होतं.

खरं वाटणं बंद झालं ते काल. दिपेशची आई पुतळा गेटबाहेर मासळीची पाटी घेऊन बसते. वैजयंती बोंबील घ्यायला वाकली तर पुतळाने पाटीवरचं फडकं पुन्हा ओढून घेतलं.

"तुला नाय देनार."

"का हो, मावशी?"

"माज्या पोरानी पानी मारला म्हनतो तुजा नवरा. मारला आसंल तर त्याचा हात मोडंल मी. पन तू बगितलास का? यवढी शिकलेली हायस, पानी तपासतेस म्हनं लोकांचा. सोताच्या गाडीचा बगितलास?"

वैजयंती रिकामी पिशवी घेऊन परतली. तिचं सगळं आयुष्य पाणी तपासण्यात गेलं होतं. कारखान्यांचं, विहिरींचं, टाक्यांचं. नमुना हातात आल्याशिवाय तिने कधी कुणाला शब्द दिला नव्हता, आणि इथे ती नवऱ्याच्या तोंडच्या 'असेल'वर गप्प बसली होती.

म्हणून आज ती बॉनेटशी उभी होती.

दिपेशने आधी बॅटरीची वायर सोडवली. बॅटरीशेजारी वहीएवढी एक चपटी ॲल्युमिनियमची पेटी होती. तिच्यात वायरींचा मनगटाएवढा जुडगा शिरत होता. "ह्यो ईसीएम," तो म्हणाला आणि जुडग्याच्या टोकाची खिट्टी दाबून त्याने कनेक्टर ओढला. एरवी कट्कन सुटायचा तो चिकटलेली बरणी उघडावी तसा सावकाश, चरचरत सुटला. आणि मघाचा वास दहापट होऊन अंगावर आला.

आत पितळी पिनांच्या ओळी असायला हव्या होत्या. तिथे हिरवट निळी बुरशीसारखी साय होती. तिच्यावर तपकिरी चिकट लगदा, आणि त्या लगद्यात रुतून मेलेल्या मुंग्या. दहावीस नव्हे, शेकड्याने. काही अजून जिवंत होत्या आणि मेलेल्यांच्या अंगावरून वाट काढत होत्या. त्यातली एक दिपेशच्या बोटावर चढली. त्याने ती झटकली नाही, नुसता बघत राहिला.

"शी!" वैजयंतीच्या तोंडून गेलं. तिने ओढणी नाकाला लावली. पण दुसऱ्याच क्षणी ओढणी बाजूला करून ती खाली वाकली.

"दिपेश, पाण्याला मुंग्या येतात का?"

दिपेशने तिच्याकडे पाहिलं, मग पेटीकडे. "आता मी काय सांगू, ताई? मी फवारा मारलाच नाय. इंजिन मी कापडानी पुसतो. रबर म्हातारा झालाय याचा, सात वर्सांचा. वर काय पन साचला तर हलूहलू झिरपनार. नंबर लिवून घेतो, नवीन आनून रईवारी बसवतो. जुना फेकू नका मात्र."

"मी फेकणार नाही," ती म्हणाली. तिने दिपेशने सोडवून दिलेली पेटी आणि कापून काढलेलं कनेक्टरचं तोंड एका स्वच्छ पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि वर तारीख लिहिली. मग पार्किंगच्या नळाचं थोडं पाणी बाटलीत भरून घेतलं. दिपेश गाड्या धुवायला तेच पाणी वापरत असे.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत प्रयोगशाळेत कुणी नव्हतं. वैजयंतीने लगदा खरवडून शुद्ध पाण्यात विरघळवला. हातमोजे असूनही तिला तो बोटांना चिकटतोय असं वाटत राहिलं. गाळणीवर मुंग्यांचे पाय आणि डोकी उरली. गाळलेल्या पाण्यात तिने निळं बेनेडिक्टचं द्रावण घालून तापवलं. पाहता पाहता ते विटकरी लाल झालं. साखर. मग क्षारांची पाळी. नळाच्या पाण्यात सोडियम भरपूर आणि पोटॅशियम नावापुरतं निघालं, तसंच असतं. लगद्यात नेमकं उलटं होतं. पोटॅशियम एवढं, की तिला नमुना दोनदा पातळ करून पुन्हा मोजावा लागला.

साखर आणि पोटॅशियम, आणि तो खवट वास. ती खुर्चीवर बसली. नाव आता आपोआप सापडलं होतं. गणपती झाल्यावर चौरंगाखाली विसरलेल्या, तडा गेलेल्या नारळाचा वास होता तो.

मग तिने फोन काढला आणि ग्रुपवर मागे मागे जात दसऱ्यापर्यंत पोचली.

दसऱ्याला गाड्यांची सामुदायिक पूजा करायची ही सुधीरचीच कल्पना. व्हिडिओही त्याचाच होता, कुणीतरी त्याच्यासाठी काढलेला. पार्किंगमध्ये ओळीने गाड्या, झेंडूच्या माळा, बॉनेटवर स्वस्तिक. लिंबं चाकाखाली चिरडून झाली होती. झब्बा घातलेला सुधीर नारळ फोडतो. "नुसतं बाहेरून कशाला? पूजा इंजिनाची करा, इंजिनाची! गाडी त्याच्यावर चालते!" लोक हसतात. तो आपल्या गाडीचं बॉनेट वर करतो आणि दोन्ही करवंट्यांतलं पाणी आत ओततो. सावकाश, अभिषेक केल्यासारखं. मग पुढच्या गाडीचं बॉनेट, नवीन नारळ. मग तिसरी.

आणि पहिल्या गाडीशी, चित्राबाहेरून एका बाईचा आवाज येतो. "हळू रे, माझ्या साडीवर उडेल."

तो तिचा स्वतःचा आवाज होता.

वैजयंतीने तो तुकडा तीनदा ऐकला. तिच्यासमोर विद्युत उपकरणांवर क्षारांचं पाणी ओतलं जात होतं आणि रसायनशास्त्राची पदवी घेतलेल्या बाईला काळजी होती ती पैठणीची. तिने उठून हात धुतले. साबण दोनदा लावला. वास गेला नाही.

संध्याकाळी सुधीर लवकर घरी आला होता. वैजयंतीने वाढलं. तो आमटीचा भुरका मारत होता, वाटीच्या कडेवरून बोट फिरवून ते चाटत होता. वीस वर्षं ती हे बघत आली होती, आजवर काही वाटलं नव्हतं.

"सुधीर, कनेक्टरमध्ये पाणी नाहीये. नारळाचं पाणी आहे."

बोट तोंडाशीच थांबलं. पण चेहऱ्यावर आश्चर्य आलं नाही. वैजयंतीने ते टिपलं. आश्चर्य यायला हवं होतं तिथे नुसता कंटाळा आला.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"तसं माहीत म्हणजे..." त्याने भात कालवला. "त्या सर्व्हिस सेंटरच्या पोराने विचारलं, साहेब, काही गोड सांडलं होतं का, शहाळं वगैरे? आत मुंग्या आहेत म्हणाला. तेव्हा माझ्या लक्षात आलं."

"आणि मग घरी येऊन तू दिपेशचं नाव घेतलंस."

"अगं, मग काय सांगू? सेक्रेटरीने नारळाचं पाणी ओतून स्वतःची गाडी मारली? आयुष्यभर हसतील लोक, वैजू. आणि एकटी आपली गाडी असती तर ठीक होतं. अठरा गाड्यांवर ओतलंय मी. अठरा! उद्या सगळे म्हणतील, आमचंही भरून द्या."

वैजयंतीला आधी ऐकू आलं ते नीट कळलंच नाही. मग कळलं, आणि हातातला डाव तिने खाली ठेवला.

"बाकीच्या सतरा गाड्या रोज रस्त्यावर आहेत, सुधीर. शेजारच्या दुर्गाबाईंना त्यांचा मुलगा दर शनिवारी एक्स्प्रेसवेने पुण्याला नेतो. घाटात गाडी मेली तर?"

"काही होत नाही. सगळ्यांचं रबर आपल्यासारखं जुनं थोडंच आहे? महिना होऊन गेला, व्हायचं असतं तर झालं असतं." तो थोडा पुढे झुकला. आवाज लाडिक झाला. "ऐक ना. तू एक कर. तुमच्या लॅबच्या कागदावर दोन ओळी लिही. पाणी आढळलं, एवढंच. नारळाच्या पाण्यात पाणीच असतं की नाही? खोटं काहीच नाही त्यात. रविवारी सभेत ठेवतो, विषय मिटतो. दिपेशला काय, करावेभर गिऱ्हाइकं आहेत."

आणि त्याने ताक मागितलं.

वैजयंतीने ताक दिलं. पेला देताना त्याच्या बोटांना आपली बोटं लागू नयेत म्हणून तिने तो टेबलावर ठेवून पुढे सरकवला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने दुर्गाबाईंना फोन लावला आणि उद्या गाडी काढू नका, बसने जा, कारण रविवारी सांगते, एवढंच सांगितलं. ग्रुपसाठीही तिने चार ओळी लिहिल्या, पण सुधीरने आधी स्वतःच्या तोंडाने सांगावं म्हणून पाठवल्या नाहीत. तिचं स्वतःचं जेवण तसंच झाकून राहिलं.

रविवारी सकाळी दिपेश नवीन ईसीएम घेऊन आला. वॉचमन धनाजीने त्याला गेटवर उभं करून वहीत सही घ्यायला लावली. सहा वर्षांत पहिल्यांदा. दिपेशने सही केली, वर त्याच्याच नावाचा कागद होता तिकडे बघितलं नाही.

नवी वायर जोडून, पेटी बसवून, चार स्क्रू पिळून त्याने लॅपटॉपची पिन स्टिअरिंगखाली खोचली. "आता नवीन डबा चावीला वलखत नाय," तो म्हणाला. "वलख करून द्यावी लागते. दोनी चाव्या पायजेत. साहेब, तुमी पुढं बसा, चावी चालू करून धरा. ताई, दुसरी चावी घेऊन मागं बसा. धा मिनिटं तो लाल दिवा लुकलुकंल. तो इझंपर्यंत कोनी दार उघडायचा नाय, नायतर पयल्यापासून."

तिघं आत बसली, दिपेश लॅपटॉप मांडीवर घेऊन सुधीरशेजारी. दारं लागली. लाल दिवा लुकलुकायला लागला. एसी बंद, काचा बंद. आरशाला टांगलेली मोगऱ्याच्या अत्तराची बाटली उन्हात तापून उग्र झाली होती. तिच्याखालून तोच वास येत होता, की तो आता वैजयंतीच्या नाकातच राहायला आला होता, कोण जाणे. पुढच्या सीटवर सुधीरची घामेजलेली मान दिसत होती.

"चला," सुधीर मोकळ्या आवाजात म्हणाला, "केलंस बाबा एकदाचं. मी सभेत सांगेन, दिपेशने नुकसान भरून दिलं. शक्य तितकं सौम्य घेऊ."

दिपेश लॅपटॉपकडे बघत राहिला.

"सुधीर," मागून वैजयंती म्हणाली, "त्याला सांग."

"काय?"

"तुला माहीत आहे काय."

सुधीरचा हात दाराकडे गेला.

"साहेब, दार नका उघडू," दिपेश म्हणाला. "सात मिनिटं राह्यली."

हात परत आला. दिवा लुकलुकत होता. वैजयंतीने मनात वीसपर्यंत मोजलं. नमुन्याला स्थिरावायला वेळ द्यावा तसा तिने त्याला वेळ दिला. मानेवरून घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरला.

"मग मी सांगते," ती म्हणाली. "दिपेश, तू काही केलेलं नाहीस. कनेक्टरमध्ये नारळाचं पाणी होतं. दसऱ्याला ह्याने ओतलं. मी शेजारी उभी होते. मी तपासून बघितलंय. आणि ह्याला हे तुझं नाव घ्यायच्या आधीपासून माहीत होतं."

दिपेशने मान वळवली नाही. "मना म्हाईत हाय, ताई. मुंग्या बगितल्या तवाच समजलो."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलनार? म्हनलो असतो तुमच्या पूजेनी गाडी गेली, तर म्हनले असते, बग, वर देवालाबी नावं ठेवतो." तो थोडा हसला, बरं हसू नव्हतं ते. "आमीबी होडीला नारल देतो ना, साहेब. पुनवेला. माजा बा देतो, आज्यानी दिलाय. पन खाडीत देतो. इंजिनात नाय ओतत."

सुधीर फिस्कन हसला. वातावरण निवळलं असं त्याला वाटलं असावं. "बरोब्बर बोललास! चल, झालं गेलं. आपण काही परके नाही. मी संध्याकाळी ग्रुपवर टाकतो काहीतरी. तांत्रिक कारण म्हणून."

काहीतरी. लाज वाटण्याच्या जागी ह्या माणसाकडे एक गुळगुळीत, बुळबुळीत पदार्थ होता, आणि कशाचाही डाग त्यावर टिकत नव्हता. तिने फोन उघडला. परवापासून लिहून ठेवलेला मजकूर तयार होता. चार ओळी. कशात काय सापडलं, किती, आणि ते कुठून आलं. दिपेशचा दोष नाही. दसऱ्याला ज्यांच्या इंजिनावर नारळाचं पाणी ओतलं त्यांनी कनेक्टर उघडून तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नये. त्याच्याखाली तिने व्हिडिओ जोडला, तिच्या स्वतःच्या आवाजासकट, आणि सगळं ग्रुपवर पाठवून दिलं.

तेवढ्यात दिवा विझला.

"वलख झाली," दिपेश म्हणाला. "मारा चावी."

सुधीरने चावी फिरवली. इंजिन एका दमात सुरू झालं, आणि त्याच क्षणी त्याच्या खिशातला फोनही वाजला. मग पुन्हा वाजला. मग वाजतच राहिला. त्याने काढून बघितलं, आणि आरशात वैजयंतीकडे. त्या नजरेत पश्चात्ताप असता तर ती गाडीत थांबली असती. होतं ते फक्त, तू असं करशील असं वाटलं नव्हतं.

ती दार उघडून बाहेर आली आणि खोल श्वास घेतला.

पाच मिनिटांत पार्किंग माणसांनी भरलं. कुणी बर्मुड्यात, कुणी तोंडात ब्रश घेऊन. बॉनेटं एकामागून एक वर झाली. जो तो इंजिनात नाक घालून हुंगत होता. दुसऱ्या मजल्यावरचा अरविंद, ज्याने ग्रुपवर अकलेचं लिहिलं होतं, ओरडला, "आयला, माझ्यात पण मुंग्या! दिपेश, अरे दिपेशभाऊ, जरा इकडे ये ना!"

"माझी पण बघ रे, माझी आधी बघ, मला पनवेलला जायचंय!"

दिपेश पाने पुसून पेटीत ठेवत होता. त्याने पेटी बंद केली, उचलली आणि सरळ गेटकडे चालू लागला. पाचसात जण त्याच्या मागे गेले. कागदापाशी तो थांबला.

"हितं लिवलाय, मना आत यायला बंदी हाय," तो म्हणाला. "सेक्रेटरीची सही हाय. आजचा काम झाला, मी चाललो. गाड्या करावेला आना, ढकलत आना, चालू नका करू. नायतर ह्यो कागद काडा. ज्यानी लावलाय त्यानीच काडायचा."

सगळ्यांनी सुधीरकडे बघितलं.

सुधीर हसत पुढे आला. "अरे, घ्या ना, त्यात काय एवढं," म्हणत त्याने कागदाचा कोपरा ओढला. पण डिंक पक्का होता, कोपराच तेवढा हातात आला. मग तो नखांनी खरवडायला लागला. कागदाच्या गुंडाळ्या नखांखाली गोळा होत होत्या, बोटांना चिकटत होत्या आणि तो त्या शर्टाला पुसत होता.

वैजयंती पार्किंगच्या खांबाशी उभी राहून बघत होती. तिला फक्त एक गोष्ट पाहायची होती, आणि ती तिला दिसली. वर ठळक अक्षरांत दिपेशचं नाव अजून तसंच होतं. सुधीर खालून खरवडत होता. सगळ्यात आधी त्याने स्वतःची सही काढली.